तक्रार केली की आठवडाभर बरं, मग पुन्हा तेच: केअर सेंटरमध्ये आपल्या माणसाची आबाळ होतेय असं वाटत असेल तर

पेशंट अंथरुणाला खिळलेला असतो. घरी रात्रंदिवस माणूस ठेवणं जमत नाही, म्हणून केअर सेंटरमध्ये ठेवलेलं असतं. पहिला महिना बरा जातो. मग एका रविवारी गेल्यावर डायपर तुडुंब भरलेला दिसतो, ओठ सुकलेले, माकडहाडावर लाल चट्टा. तुम्ही मॅनेजरशी बोलता, तो मावशींना झापतो, पुढच्या रविवारी चादर पांढरीशुभ्र आणि केसांना तेल. आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा तोच वास.

माझी आत्या पक्षाघातानंतर पुण्यातल्या एका अशा केंद्रात होती. त्या काळात आणि त्यानंतर ओळखीच्या बऱ्याच घरांमध्ये मी हेच चक्र पाहिलं. माझं म्हणणं एवढंच आहे: आबाळ चोवीस तास होत नसते. ती ठरावीक वेळी, ठरावीक ठिकाणी होते. रात्री दोन माणसांवर वीस पेशंट असतात तेव्हा, ड्युटी बदलते त्या तासाभरात, किंवा नेहमीची मावशी गावी गेल्यावर. आपण मात्र तक्रार करतो ती मोघम: "तुम्ही नीट लक्ष देत नाही." मोघम तक्रारीने सगळे आठवडाभर जागे होतात आणि मूळ भोक तसंच राहतं. ते भोक कुठे आहे हे शोधलं, कागदावर आणलं आणि त्याच वेळी जाऊन पुन्हा पाहिलं, तरच फरक टिकतो.

आधी हे बघा: यात थांबायचं नाही

खालीलपैकी काहीही दिसलं तर पुरावे, पत्रं, चर्चा सगळं नंतर. १०८ ला फोन करा किंवा स्वतःच्या गाडीने हॉस्पिटल गाठा.

जखमेतून दुर्गंधी किंवा पू येतोय, कातडी काळी पडलीय, सोबत ताप आहे. पेशंट हाक मारून नीट जागा होत नाही किंवा कालपर्यंत ओळखत होता आणि आज अचानक भ्रमिष्टासारखं बोलतोय. चोवीस तासांत लघवी ४०० मिलिपेक्षा कमी आहे. पडून डोक्याला मार लागलाय आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे (अशा वेळी बाहेरून टेंगूळही दिसत नाही आणि आत रक्तस्राव होत असतो). जेवताना ठसका लागून नंतर श्वास घरघरतोय.

हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना एक विनंती नक्की करा: आणलं तेव्हा अंगावर असलेल्या सगळ्या जखमा, त्यांची जागा, आकार, पायरी (जखम किती खोल गेली आहे ते) आणि शरीरातल्या पाण्याची स्थिती केसपेपरवर लिहा. शंका मारहाणीची किंवा गंभीर हयगयीची असेल तर एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवून केलेली नोंद) करायला सांगा. पुढे कुठेही दाद मागायची वेळ आली, तर त्या पहिल्या केसपेपरला जे वजन असतं ते तुमच्या मोबाइलमधल्या पन्नास फोटोंना नसतं.

हेळसांड की आजार?

हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारायला हवा, कारण प्रत्येक बेडसोर (एकाच जागी दाब राहून होणारी जखम) म्हणजे गुन्हा नव्हे. शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटला, ज्याचं रक्ताभिसरणच मंदावलंय, चांगली सेवा मिळूनही जखम होऊ शकते. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याच्या हातावर नुसतं धरून उठवलं तरी काळानिळा डाग पडतो. पण काही खुणा बोलक्या असतात.

पहिली खूण लालीची. माकडहाड, टाचा, खुबे, खांद्याची पाती, कोपरं, डोक्याची मागची बाजू, या जागा दर भेटीत उघडून बघायच्या. लाल भागावर बोट दाबा आणि सोडा. क्षणभर पांढरं पडून पुन्हा लाल झालं तर रक्त फिरतंय. पांढरं पडतच नसेल तर बेडसोरची पहिली पायरी सुरू झाली. आपल्याकडच्या सावळ्या रंगावर लाली दिसत नाही, तिथे जांभळट छटा, भोवतालच्या कातडीपेक्षा गरम किंवा टणक लागणं यावर भर द्या. ही पायरी काही तासांत येऊ शकते आणि इथे पकडली तर बरीही होते. पण फोड, मग खड्डा, मग हाडापर्यंत जखम, असा प्रवास झाला आणि मधल्या काळात तुम्हाला कुणीच फोन केला नाही, तर त्याला आजार म्हणत नाहीत. रोज कुणीतरी ड्रेसिंग करत होतं, पुसत होतं, म्हणजे रोज कुणीतरी ते पाहत होतं.

लाल भागाला चोळू नका. भोक असलेल्या रबरी रिंगवरही बसवू नका, दोन्हीने नुकसान वाढतं.

दुसरी खूण वजनाची. महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन कमी होणं ही डॉक्टरांनी दखल घ्यायची गोष्ट आहे. पन्नास किलोच्या माणसात महिन्याला अडीच किलो म्हणजेच ते. उभं राहता येत नसेल तर शिंप्याची टेप घेऊन दंडाचा घेर मोजा, दर वेळी खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर. घेर उतरत असेल तर जेवणाच्या वेळी जाऊन बसा. मी पाहिलेलं एक दृश्य विसरत नाही: वरण-भाताची ताटली टेबलावर, कवळी ड्रॉवरमधल्या डबीत, उजवा हात पक्षाघाताने निकामी आणि ताटली उजव्या बाजूलाच. रजिस्टरमध्ये शेरा होता, "पेशंटने जेवण नाकारले".

तिसरी, सतत झोपेत असणं. तुम्ही केव्हाही जा, पेशंट गुंगीतच. "रात्री ओरडतात म्हणून डॉक्टरांनी गोळी दिलीय" असं उत्तर मिळालं, तर कुठल्या डॉक्टरांनी, कुठल्या तारखेला, किती मात्रा आणि किती दिवसांसाठी, हे लेखी मागा. स्मृतिभ्रंशाच्या पेशंटला रात्र शांत जावी म्हणून नुसतं झोपवून ठेवणं ही सेवा नव्हे. मनगटं बघा. ओढणीने किंवा बँडेजने कॉटला बांधलं असेल तर वळ राहतात.

आणि दोन्ही दंडांवर आतल्या बाजूला बोटांएवढे गोल डाग असतील, तर ते रक्त पातळ करणाऱ्या गोळीमुळे झालेत असं कुणी पटवू लागलं तरी लगेच मान डोलावू नका.

भोक शोधणं

भेटीची वेळ बदला. दर रविवारी अकराला जाणाऱ्या माणसासाठी दर रविवारी साडेदहाला स्पंजिंग होतं. एकदा रात्री आठ-साडेआठला जा, एकदा सकाळी सातला, एकदा दुपारच्या जेवणानंतर. सेंटर म्हणेल भेटीची वेळ ठरलेली आहे. मग लेखी विचारा की औषधं, जेवण आणि ड्रेसिंगच्या वेळी नातेवाइकाने हजर राहायला काय हरकत आहे. चांगली सेंटर्स नाही म्हणत नाहीत. जिथे आधी फोन करूनच यायची सक्ती आहे, तिथे माझा संशय वाढतो.

गेल्यावर सगळ्यात आधी कॉटला टांगलेला चार्ट बघा. अंथरुणावरच्या पेशंटची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची असते आणि बहुतेक ठिकाणी त्याचा तक्ता असतो. दुपारी तीनला गेलात आणि संध्याकाळी सहापर्यंतचे सगळे रकाने एकाच पेनाने, एकाच हाताने भरलेले दिसले, तर तुम्हाला हवं ते सापडलं. फोटो काढा, फोटोत भिंतीवरचं घड्याळ किंवा मोबाइलची वेळ येऊ द्या.

मग एअर बेड, म्हणजे पंपाने हवा भरत राहणारी गादी. पंप चालू आहे का बघा. मोबाइल चार्ज करायला पंपाचा प्लग काढून ठेवलेला असणं, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की हल्ली तिकडेच आधी नजर जाते. पंप चालू असला तरी कमरेखाली, गादीच्या खालून तळहात सरकवा. हात आणि पेशंट यांच्यात निदान इंचभर हवेचा थर लागला पाहिजे. माणूस थेट हाताला लागत असेल तर गादी नावापुरती आहे. आणि गादी कितीही महाग असली तरी कूस बदलावी लागतेच. "एअर बेड आहे ना, मग वळवायची गरज नाही" हे उत्तर चुकीचं आहे.

डायपर बहुतेक सेंटर्स नातेवाइकांकडून मागवतात. याचा फायदा घ्या. दिवसाला चार लागतात असं त्यांनीच सांगितलं असेल, तर आठवड्याला अठ्ठावीस संपायला हवेत. तुम्ही तीस दिलेत आणि आठवड्याने सोळा शिल्लक असतील, तर कुणाशी वाद घालायची गरज नाही. पाकीट मोजून तारखेसह वहीत लिहा. औषधांच्या स्ट्रिपचंही तसंच. उरलेल्या गोळ्या खोटं बोलत नाहीत.

कॅथेटर (लघवीची नळी) असेल तर लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली लटकलेली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. लघवी गडद चहासारखी दिसली तर पाणी कमी पडतंय असं समजून लगेच विचारा. नाकातून नळीने पेज दिली जात असेल तर त्या वेळी आणि नंतर निदान अर्धा तास डोक्याकडची बाजू उंच हवी. घाईत आडव्या पेशंटला नळीतून भरणं म्हणजे न्युमोनियाला बोलावणं.

पेशंटला बोलता येत असेल तर एकटं असताना बोला. "तुला मारतात का?" असं विचारू नका, घाबरून नाही म्हणतील किंवा तुमच्या समाधानासाठी हो म्हणतील. "रात्री तहान लागली तर पाणी कोण देतं?" "काल शूची जागा कुणी साफ केली?" असे साधे प्रश्न विचारा. बोलता येत नसेल तर विशिष्ट माणूस खोलीत आल्यावर चेहरा, हात, श्वास कसा बदलतो ते बघा.

आठ-दहा नोंदी झाल्या की वहीतच आकार दिसायला लागतो. आत्याच्या बाबतीत सगळ्या वाईट नोंदी संध्याकाळी सात ते नऊच्या होत्या. दिवसपाळी साडेसहाला आवरायला घ्यायची, रात्रपाळी आठनंतर स्थिरावायची, आणि मधल्या वेळेला धनीच नव्हता.

तक्रार अशी लिहा

तोंडी सांगितलेलं मॅनेजरच्या डोक्यात राहतं आणि मॅनेजर बदलतात. ईमेल करा, किंवा पत्र देऊन प्रतीवर पोच घ्या. पत्र मालकाला किंवा विश्वस्तांना जाऊ द्या, मावशीला किंवा वॉर्डातल्या ब्रदरला नव्हे. मजकुरात विशेषणं नकोत. साधारण असा:

"दि. १४ रोजी सायं. ७.१० वाजता पेशंट उताणे होते. कूस बदलण्याच्या तक्त्यावर रात्री ८ ची नोंद आधीच केलेली होती (फोटो जोडला आहे). माकडहाडावर अंदाजे दोन सेंटिमीटर लाली असून दाबल्यावर पांढरी होत नाही. एअर बेडचा पंप बंद होता. दि. ९ व दि. ११ रोजी याच वेळेत अशीच स्थिती होती. कृपया सायं. ७ ते ९ या वेळेत पेशंटची जबाबदारी कोणावर आहे त्यांचं नाव, कूस बदलण्याची नोंद प्रत्येक वेळी सहीसह, आणि डॉक्टरांनी तपासून दिलेला लेखी शेरा, या तीन गोष्टी ४८ तासांत कळवाव्यात. दि. २१ रोजी आपण एकत्र बसून आढावा घेऊ."

यातलं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जबाबदार माणसाचं नाव आणि पुढच्या भेटीची तारीख. "यापुढे काळजी घेऊ" असं उत्तर आलं तर ते उत्तर नाही, पुन्हा त्याच मागण्या पाठवा. आणि दिलेल्या तारखेला, त्याच सात ते नऊच्या वेळेत, खरोखर जा. चौथ्या-पाचव्या आठवड्यात न सांगता आणखी एकदा जा, कारण घसरण तेव्हाच सुरू होते. गणपती, दिवाळी, होळी आणि मे महिन्यात कर्मचारी गावी जातात, बदली माणसं येतात. त्या आठवड्यांत घरातल्या कुणी ना कुणी रोज फेरी मारायची व्यवस्था आधीच करून ठेवा.

फोटोंबद्दल एक कळकळीची विनंती. जखमेचा फोटो घेताना बाजूला नाणं किंवा पट्टी ठेवा, तेवढाच भाग उघडा, आणि तो फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. ज्या बाईने आयुष्यभर पदर ढळू दिला नाही, तिची पाठ चाळीस मोबाइलवर फिरता कामा नये. डॉक्टर आणि तक्रार यांपुरताच तो ठेवा.

"आपण बोललो तर राग पेशंटवर काढतील"

ही भीती खोटी नाही, आणि म्हणूनच बहुतेक घरं गप्प बसतात. पण गप्प बसलेल्या घराचा पेशंट सुरक्षित असतो असं मी कुठेच पाहिलं नाही. ज्याच्याकडे कुणी फिरकत नाही, कुणी विचारत नाही, त्याचीच पाळी शेवटी येते. राग टाळायचा तर तक्रार व्यक्तीवर न ठेवता व्यवस्थेवर ठेवा: "सुनीतामावशी कामचुकार आहेत" याऐवजी "सात ते नऊ या वेळेत माणूस कमी आहे". मावशींना बारा बारा तास उभं राहावं लागतं, पगार तुटपुंजा, एकटीने साठ किलोचं शरीर वळवायचं. त्यांच्याशी नीट बोललं तर खरी माहिती त्याच देतात, रात्री किती जण असतात, कुठल्या ताई नुसत्या सह्या करतात. पण हात उचलणं, शिवीगाळ, बांधून ठेवणं, उपाशी ठेवणं, इथे कुणाचीही अडचण ऐकून घ्यायची नाही.

मुलं परदेशात असतील तर व्हिडिओ कॉलवर फक्त चेहरा दाखवला जातो. टाचा आणि पाठ दाखवायला सांगा, लघवीची पिशवी दाखवायला सांगा, चार्टवर कॅमेरा फिरवायला सांगा. शिवाय गावात एक माणूस, भाऊबंद, जुना शेजारी किंवा पगारी नर्स, आठवड्यातून एकदा न सांगता जाईल असा नेमा, आणि त्याला आत जाऊन कागद बघायची परवानगी आहे असं पत्र सेंटरला आधी देऊन ठेवा. ट्रान्सफर केलेल्या पैशांची, डिपॉझिटची पावती जपा, रोख देऊ नका.

बाहेर दाद कुठे मागायची

पहिला फोन १४५६७, ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन, सकाळी आठ ते रात्री आठ. जीवाला धोका असेल तर ११२.

लेखी तक्रार कुठे करायची हे सेंटरचा बोर्ड आणि कागद बघून ठरतं. आजारी, जखमी किंवा विकलांग अवस्थेतल्या माणसांना ठेवून उपचार आणि शुश्रूषा देणारी जागा महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ खाली येते. शहरात महापालिकेचा आरोग्य विभाग आणि ग्रामीण भागात जिल्हा शल्यचिकित्सक यांच्याकडे विचारा: नोंदणी आहे का? नोंदणीच नसेल तर ती स्वतंत्र तक्रार आहे. संस्था धर्मादाय ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्त, सरकारी अनुदानावर वृद्धाश्रम असेल तर समाज कल्याण विभाग.

इथे एक गैरसमज फार आहे. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याखालचं न्यायाधिकरण, म्हणजे आपले प्रांताधिकारी, मुख्यतः मुलांकडून चरितार्थ मिळवून देण्यासाठी आहे. सेंटरने हयगय केली म्हणून तिथे गेलात तर बरेचदा हात हलवत परत याल. केअर होम्सची नोंदणी आणि किमान दर्जा त्या कायद्यात आणणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, पण त्याचा कायदा झाला नाही. ही पोकळी आहे आणि तिची किंमत अंथरुणावरची माणसं मोजताहेत.

फौजदारी बाजूला भारतीय न्याय संहितेचं कलम ३५७ फारसं कुणाला माहीत नसतं. आजारपणामुळे किंवा अशक्तपणामुळे असहाय झालेल्या माणसाची देखभाल करायचा करार करून ती जाणूनबुजून न करणं, हा गुन्हा आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अदखलपात्र असल्याने पोलीस एनसी (एफआयआरऐवजी अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) नोंदवतील आणि तपासाला न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागेल. पण त्यासाठी करार हातात हवा, म्हणून पहिल्या दिवशी सही केलेल्या कागदाची प्रत मागून घ्या. बेदरकारपणाने जीव धोक्यात घातला असेल तर कलम १२५ आहे. पेशंट दिव्यांग असेल आणि ताब्यात असलेल्या माणसाने जाणूनबुजून अन्नपाणी नाकारलं असेल, तर दिव्यांग हक्क कायदा, २०१६ चं कलम ९२ लागतं आणि तिथे शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं आहे.

पैसे घेऊन सेवा दिली नाही यासाठी जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षं. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून सुरुवात करता येते. डॉक्टरांनी ठेवलेले वैद्यकीय कागद मागितल्यावर ७२ तासांत द्यावे लागतात, अर्जावर पोच घ्या.

हलवायचं कधी

लेखी तक्रारीनंतर दिलेल्या मुदतीत सुधारणा नाही, किंवा झाली आणि पुन्हा त्याच वेळेत तीच गोष्ट सापडली, तर तिसरी संधी देऊ नका. मारहाण, बांधणं, जखम लपवणं, पत्र दिल्यावरही खोटी नोंद, यात दुसरीही नाही. दुसरीकडे जागा पक्की झाल्यावरच नोटीस द्या, मधले दिवस घरातलं माणूस सोबत बसवा.

नव्या जागी पोचल्यावर सामान लावायच्या आधी तिथल्या सिस्टरसोबत डोक्यापासून टाचांपर्यंत अंग तपासा, प्रत्येक डाग आणि जखम कागदावर लिहा, वजन किंवा दंडाचा घेर लिहा आणि खाली दोघांनी सही करा. करारात चार ओळी घालून घ्या: कूस दर दोन तासांनी, रात्री इतक्या पेशंटमागे इतकी माणसं, नवी जखम किंवा पडणं झाल्यास त्याच दिवशी फोन, आणि झोपेचं नवीन औषध घरच्यांना सांगितल्याशिवाय नाही. या ओळींवर सही करायला जे सेंटर कां-कूं करतं, तिथे पेशंट उतरवू नका.